वैजूताईंचा टाका

पाच डिसेंबर. भाचीच्या लग्नात घालायचा मोरपंखी ब्लाउज दंडात घट्ट होतो, म्हणून उसवायला बसले. हा वैजूताईंनी शिवलेला. आत शिवणीत दोन्ही बाजूंना दीड बोट कापडाची माया सोडलेली सापडली. त्या सगळ्यांनाच सोडायच्या. "बाई वाढतेच, वहिनी. कपड्यानं तयारीत राहायला पाहिजे," हे त्यांचं शास्त्र.

शांती नगरमध्ये आमच्या बिल्डिंगखालच्या गाळ्यात त्यांचं दुकान होतं. लालबागहून इथे राहायला आल्यावर मी पहिल्यांदा गेले, तेव्हा बाई काही बोललीच नाही. ओठांत टाचण्यांची रांग आणि एक भुवई वर. मला काही कळेना. मग तोंडाच्या कोपऱ्यातून आवाज आला, "हात वर." पोलिसांनी पकडल्यासारखे मी दोन्ही हात वर केले. टाचण्या तोंडात ठेवून त्या माप घेत, गुजराती भाभींशी हिंदीत गप्पा मारत आणि फोनवर नवऱ्याला झापत. धागा तोडायचा तो दातांनी. "कात्री सापडेपर्यंत माझे दात पुढच्या ब्लाउजवर पोचलेले असतात."

हे दात कधीकधी धाग्याऐवजी ओठावर पडायचे. एकदा त्यांनी मला खालचा ओठ उलटा करून दाखवला. आत भिजलेल्या साबुदाण्यासारखा निळसर, चकचकीत फुगा. दुखत नव्हता. फुटायचा, चिकट पाणी निघायचं, काही दिवस जागा सपाट राहायची आणि पुन्हा हजर. त्यांनी त्याला 'पाहुणा' नाव ठेवलं होतं. "आला बघा. खाऊनपिऊन जाईल आपला आपण."

माझ्या मनात कॅन्सर आला होता. तो शब्द न काढता मी त्यांना शेजारच्या गल्लीत दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले.

"घाबरू नका, कॅन्सर नाही," बाई म्हणाल्या. "ओठात लाळेच्या बारीक ग्रंथी असतात. चावून चावून एकीची नळी फुटलीय. लाळ बाहेर येण्याऐवजी आत साचते. नुसती फोडली तर परत भरणार. जागा बधिर करून पिशवी आणि खालची ग्रंथी दोन्ही काढू. वर दोन-तीन टाके."

"आणि बाहेर ती छोटी मुलगी बसलीय, तिच्या ओठात नुसता धागा आहे तो?" वैजूताईंनी विचारलं.

"लहान मुलांना कधीकधी तेवढं पुरतं. धाग्याच्या कडेनं लाळेला नवी वाट मिळते. तुमची गाठ जुनी आहे, ती काढायलाच हवी."

शेवटचं वाक्य वैजूताईंच्या कानात शिरलंच नाही. परतताना म्हणाल्या, "म्हणजे एका टाक्याचं काम! अख्ख्या शांती नगरला टाके घालते मी, आणि मला दुसरं कोणी घालणार?" मला वाटलं, गंमत करताहेत.

त्याच आठवड्यात ब्लाउज आणायला खाली गेले, तर शटर अर्धं खाली. वाकून आत शिरले. वैजूताई मशीनवर पाठमोऱ्या बसल्या होत्या. हाक मारल्यावर वळल्या, आणि माझ्या हातातली भाजीची पिशवी खाली पडली. खालचा ओठ सुजून बाहेर लोंबत होता. त्यातून आरपार गेलेला पांढरा रेशमी धागा, व्यवस्थित गाठ मारलेला, दोन्ही टोकं हनुवटीवर. भोवती पू.

"वैजूताई, हे काय केलंत!"

"मॅचिंग नव्हता," त्या कशाबशा म्हणाल्या. "रंगीत घेतला असता तर रंग गेला असता. सुई गॅसवर धरली होती हो, एवढी अडाणी नाही मी."

अंगाला हात लावला तर चटका बसला. रिक्षात घातलं आणि तसंच बाईंकडे नेलं. डॉक्टरीणबाईंच्या हातातला छोटा आरसा ट्रेमध्ये खणकन पडला.

"कोणी केलं हे?"

"मीच. सरळ आलाय ना?"

"टाका सरळ आहे," बाई म्हणाल्या. "ओठ सडतोय. आणखी उशीर केला असतात, तर सूज गळ्याकडे उतरली असती. मग ही खुर्ची पुरली नसती, हॉस्पिटल लागलं असतं."

तेव्हा कुठे वैजूताईंनी ओठ त्यांच्या हाती दिला. धागा काढला, पू काढला, औषधं सुरू झाली. ओठाची सूज उतरल्यावर बाईंनी ऑपरेशनसाठी बोलावलं. मी सोबत होते. इंजेक्शन दिसताच वैजूताईंनी माझं मनगट असं धरलं की बांगडी पिचली.

"वहिनी, मला दुसऱ्याच्या हातातली सुई बघवत नाही. लहानपणापासून. आपल्या हातातलीचं काही वाटत नाही बघा."

ओठातल्या त्या धाग्याइतकाच हा धक्का होता. मी इतकी वर्षं त्यांना गर्विष्ठ समजत होते.

काम अर्ध्या तासात झालं. "पाहुणा गेला. पण टाचणी किंवा धागा तोंडात गेला, तर दुसरा येईल," बाईंनी बजावलं. आता प्रश्न ओठाचा नव्हता, वैजूताईंच्या तिसऱ्या हाताचा, म्हणजे तोंडाचा होता. त्यांनी मनगटाला लोहचुंबक बांधलं, टाचण्या त्यावर. दात मात्र ऐकेनात, धाग्याकडे धावायचे. शेवटी दाढेखाली लवंग धरायला लागल्या. "कामाला लावलं की दात भटकत नाहीत. नवऱ्याचंही तसंच." पाहुणा परत आला नाही.

यंदा दिवाळीच्या आधी वैजूताई गेल्या. ओठाचा काही संबंध नाही, हृदय बंद पडलं. मशीनवरच. आदल्या दिवशी माझ्याशी चिंचेच्या सारावरून वाद घातलेली बाई. वर्दी आली तेव्हा मी कणीक मळत होते, तशाच हातांनी खाली धावले. सुईखाली कुणाची तरी बाही अर्धी होती. त्यांच्या मुलीनं तोंड पुसलं, तर तोंडात लवंग.

ब्लाउज उसवून झाला. नवी शिवण मी हातानं घालायला घेतली. शेवटी गाठ मारली आणि धागा तोडायला ब्लाउज सरळ तोंडाशी नेला. तशीच थांबले. उठले, कात्री शोधली. शिवण मात्र वाकडीच आली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ब्लाउज घेऊन मागच्या सेक्टरमधल्या नव्या शिंपिणीकडे गेले. तिच्या ओठांत चार टाचण्या होत्या. तिनं भुवई उचलून मला हात वर करायची खूण केली.

मी हात वर केले नाहीत. तळहात तिच्या हनुवटीखाली धरला.

"आधी टाचण्या काढ," म्हटलं.