खोपोलीत केलेली मोंबासाची तालीम

माझी लेक दीड वर्षाची असताना मी तिला घेऊन आगबोटीने आफ्रिकेला गेले. बरोबर घरचं दुसरं कुणी नव्हतं. भीती नाही वाटली का, असं अजूनही कुणी ना कुणी विचारतं. थोडी वाटली. पण तयारीच अशी केली होती की निघायच्या दिवशी मला काळजीपेक्षा घाई जास्त होती.

आम्ही लोणावळ्याजवळच्या औंढ्याचे. आमचे हे लोणावळ्याला रेल्वेत फिटर होते. एका ओळखीतून त्यांना मोंबासाच्या बंदरावर काम मिळालं आणि लेक रांगत होती तेव्हाच ते पुढे गेले. वर्षाच्या आत तिथे दोन खोल्यांचं घर मिळालं आणि आम्हाला बोलावणं आलं. साल एकसष्ट-बासष्टच्या आसपासचं असेल, शिमगा नुकताच होऊन गेला होता. पावसाळ्याच्या तोंडावर बोट होती.

आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, चुलीपुढे बसून सगळं ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "तू जा बाई. त्यो तितं हातानं भाकरी थापतोय. पर पोरीला हितंच ठेव. मी हाय न्हवं?"

"मी गेले तर तिला घेऊनच जाईन, आत्याबाई."

"तितं लय ताप असतोय म्हणत्यात."

"ताप इथे पण असतो."

त्यावर त्यांनी चुलीतलं लाकूड उगाच मागे-पुढे केलं. त्यांचा एक मुलगा, यांच्या पाठचा, हिवतापाने गेला होता. तोही दीड-दोन वर्षांचाच होता. माझ्या तोंडून शब्द निघून गेल्यावर मला ते आठवलं. मी त्यांच्याजवळ जाऊन बसले आणि म्हणाले, "म्हणूनच आधी सगळा बंदोबस्त करू. तुमच्या डोळ्यांदेखत करू. तुम्हाला पटलं तरच निघेन." हे मी बोलले खरं, पण न पटण्याची सोय मी ठेवणार नव्हते.

दुसऱ्याच दिवशी मी लेकीला घेऊन लोणावळ्याच्या बाजारपेठेतल्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. माझं बाळंतपण त्यांनीच केलं होतं. मोंबासा म्हटल्यावर त्यांनी मला शेवटचा रोगी जाईपर्यंत बसवून ठेवलं आणि मग सावकाश समजावून सांगितलं. पिवळ्या तापाची लस लोणावळ्यात मिळत नाही, त्यासाठी मुंबईला जायचं. मग मध्ये काही दिवस जाऊ द्यायचे आणि देवी काढायच्या. पटकीची सुई सगळ्यांत शेवटी.

"सगळं एकदम पोरीच्या अंगावर घालायचं नाही," त्या म्हणाल्या. "आणि ह्या हिवतापाच्या गोळ्या. तिला आठवड्यातून एकदा, मी सांगते तेवढाच तुकडा. पण डबी तिच्या हाताला लागता कामा नये. मोठ्यांच्या चार गोळ्या लहान पोराचा जीव घेतात."

मी घरी आल्याआल्या डबी फडक्यात बांधून आढ्याला टांगली. ती काढायला मलाही पाटावर चढावं लागायचं.

मुंबईची खेप सोपी झाली. लेक सुई टोचताना रडली आणि परतीच्या गाडीत सगळ्या डब्याला दंड दाखवत आली. देवींचं मात्र तसं झालं नाही. तान्ही असताना देवी काढणारा गावात आला तेव्हा ती आजारी होती, म्हणून तिच्या देवी राहून गेल्या होत्या. आता काढल्या आणि आठवड्याने तिचा दंड सुजला, मोठा फोड आला, अंग तापलं. असं होईल, हे डॉक्टरीणबाईंनी मला सांगितलेलं होतं. गावाला कुणी सांगितलेलं नव्हतं. शेजारच्या बायका दारात येऊन बघायच्या आणि हळहळायच्या. एक तर म्हणाली, "चांगलं हसतंखेळतं पोर, आन् हौसेनं आजार घेतला इकत."

आत्याबाई मला म्हणाल्या, "बास झालं. बोट जाऊंदे."

मी लेकीचं अंग पुसत होते. मी म्हटलं, "आत्याबाई, तुमच्या दंडावर काय आहे, बघा."

त्यांनी चोळीची बाही वर सरकवली. तिथे जुने, पसरट व्रण होते. थोडा वेळ त्या स्वतःच्याच दंडाकडे बघत राहिल्या आणि एकदम हसल्या. "म्या कणगीत लपली व्हती. बापानं पाय धरून वढून काढली. लय वराडली व्हती मी."

"आणि नंतर कधी देवी आल्या?"

"न्हाई आल्या. गावात साथ आलती, पर मला न्हाई आल्या."

त्यांनी माझ्या हातातलं फडकं घेतलं आणि त्याच लेकीला पुसू लागल्या. दारातल्या बायकांना म्हणाल्या, "व्हा घरला. पोरीला वारा येऊ द्या." फोडावर खपली धरली, ताप उतरला, आणि आमच्या घरात 'बोट जाऊ दे' हे पुन्हा कुणी म्हणालं नाही.

मग मच्छरदाणी. मी जाळीचं कापड आणून हातानेच शिवली, खाली गादीखाली खोचायला चांगला हातभर घोळ ठेवला. पण लेक आत ठेवली की किंचाळायची, जाळीला लोंबकळायची. रोज दुपारच्या झोपेला हाच तमाशा. आत्याबाई बाहेरून म्हणायच्या, "कोंबडी डालल्यासारखी डाललीस गं तिला." एका दुपारी मी विहिरीवरून धुणं घेऊन आले तर घर शांत. बघते तर मच्छरदाणीत आत्याबाई मांडी घालून बसलेल्या, लुगड्याचा बोंगा गोळा करून, आणि लेक त्यांच्या मांडीवर गाढ झोपलेली. मला बघून त्यांनी ओठावर बोट ठेवलं. त्या दिवसापासून लेक स्वतःच जाळी उचलून आत शिरायला लागली.

तरी एक गोष्ट माझ्या मनात टोचत होती. आमची पोर लोणावळ्याच्या हवेत वाढलेली. वैशाखातही संध्याकाळी अंगात झबलं आणि वर पांघरूण. घाम म्हणजे काय, हे तिला ठाऊक नव्हतं. मोंबासाला अंगाची चिकचिक व्हायची, हे यांनी कळवलं होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, मुलांना सवय लवकर होते. मग ती सवय समुद्रापलीकडे कशाला, इथेच करू, असं मी ठरवलं. घाट उतरला की खोपोली, आणि खोपोलीत माझी मावशी राहायची. उन्हाळ्यात तिथे भट्टी पेटल्यासारखं होतं. मी बोचकं बांधलं.

"मी बी येती," आत्याबाई म्हणाल्या. "कशी जगतीया ती, मला बी दिसूंदे."

एसटीने घाट उतरलो आणि खाली पोचेपर्यंत लेकीचे केस कपाळाला चिकटले. पहिले दोन-तीन दिवस तिने आमचा अंत पाहिला. मानेवर, काखेत घामोळ्या आल्या. मी तिला सकाळ-संध्याकाळ अंघोळ घातली, सुती झबल्याशिवाय काही घातलं नाही, आणि दुपारी उन्हात काढलं नाही. पाणी उकळून गार केलेलं, तेही माझ्या तांब्यातलंच. मावशी हसायची, पण मोठं पातेलं तिनेच चुलीवर चढवलेलं असायचं.

एवढं करूनही एके दिवशी लेक गोठ्याकडे गेली आणि म्हशीच्या डोणीतलं पाणी ओंजळीने प्याली. आम्ही पळत गेलो तोवर हनुवटीवरून पाणी गळत होतं. दुसऱ्या दिवशी तिला जुलाब सुरू झाले.

आत्याबाईंचा चेहरा उतरला. "उठ. एसटीत बस. वर जाऊ."

मलाही क्षणभर तेच वाटलं. पण मी म्हणाले, "आत्याबाई, हे मोंबासाला झालं तर मी एसटीत बसून कुठे येऊ? मला काय करायचं ते माहीत आहे. मला करू द्या. डॉक्टर कुठे आहे ते मावशीला विचारून ठेवलंय. पोर मलूल झाली किंवा लघवी थांबली की लगेच उचलून नेईन."

तांदळाची पातळ पेज केली, त्यात मीठ घातलं. उकळलेल्या पाण्यात साखर आणि चिमूटभर मीठ, डोळ्यातल्या पाण्याइतकंच खारट. चमच्याचमच्याने देत राहिले. ओकली तर थोडं थांबले, पुन्हा दिलं. दर खेपेला तिची जीभ बघायची, ओली आहे का. रडली की डोळ्यांत पाणी येतं का. आत्याबाई माझ्यासमोर बसून होत्या. मी दमले की त्या चमचा घ्यायच्या, आणि मी बघत होते तेच बघायच्या. "वली हाय जीभ," त्या सांगायच्या. "मुतली बग, मुतली!" एवढ्या आनंदाने ही बातमी आमच्या घरात कधी कुणी दिली नसेल.

संध्याकाळी जुलाब कमी झाले. सकाळी लेकीने मावशीच्या ताटातली भाकरी ओढली. आम्ही आणखी आठवडाभर मुद्दाम तिथेच राहिलो. घामोळ्या सुकल्या आणि लेक उकाड्यात मच्छरदाणीखाली पालथी पडून घोरायला लागली.

परत घाट चढताना आत्याबाई खिडकीतून बाहेर बघत म्हणाल्या, "त्या वक्ताला मला कुणी काय सांगितलंच न्हाई गं. निसती मांडीवं घिऊन बसली व्हती." त्यांनी त्या गेलेल्या मुलाचं नाव घेतलं नाही. मी त्यांचा हात धरला. त्यांनी नाक शिंकरलं आणि म्हणाल्या, "जा घेऊन पोरीला. तुला जमतंय."

बोटीवर मला इतक्या उलट्या झाल्या की मान वर होत नव्हती. लेकीला काहीच झालं नाही. जुन्या लुगड्याचा काठ पिळून मी तिच्या कमरेला पट्टा शिवला होता, त्याचं दुसरं टोक माझ्या मनगटाला. ती डेकवर धावायची आणि मी बसल्या जागेवरून तिला आवरायचे. सहप्रवासी हसायचे. मला हसण्याचं काही वाटत नव्हतं. कठड्याच्या फटीतून मूल सहज गेलं असतं.

मोंबासाला तिला हिवताप आलाच, त्याच वर्षी पावसात. गोळ्या चालू असूनही. अंग तापलं त्याच सकाळी मी तिला दवाखान्यात नेलं, रक्त तपासून घेतलं, औषध सुरू केलं. ती बरी होऊन अंगणात खेळायला लागली, मगच औंढ्याला कळवलं.

चार वर्षांनी आम्ही रजेवर आलो. लोणावळ्याच्या फलाटावर आत्याबाई उभ्या होत्या. त्यांनी नातीला खांद्याला धरून डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं, हनुवटी वर करून डोळे बघितले, दात बघितले. लेक म्हणाली, "आजी, मला चालता येतं." तरी त्यांनी तिला उचलून कडेवर घेतलंच. तिचे पाय त्यांच्या गुडघ्यांपर्यंत लोंबत होते. मी म्हणाले, "आत्याबाई, जड आहे ती आता."

"आसूंदे जड," त्या म्हणाल्या, आणि तशाच फलाटाबाहेर चालू लागल्या.