कितीही आर्ग्युमेंट येऊ द्या!

किस्से काही आम्ही जमवत नाही. तीन माणसं एकाच दुखण्यावर महिनाभर बसली की ते आपोआप साचतात! आम्ही लातूरला कंपायलर बनवतो. म्हणजे, माणसानं लिहिलेला प्रोग्राम चिपच्या भाषेत उतरवणारा प्रोग्राम. तिघं आहोत: मी, नांदेडचे मुजीबभाई आणि उदगीरची शिवकांता.

*

नांदेडच्या एका गिऱ्हाइकाचं मशीन लई संथ. त्यातल्या प्रोग्रामचा एक तुकडा, म्हणजे एक फंक्शन, सारखं बोलवावं लागायचं, त्यातच वेळ जायचा. उपाय जुना आहे: बोलवायचंच नाही, त्याचा कोड जागेवर आणून बसवायचा; मग वेगळं फंक्शन उरतच नाही. त्याला इनलाइन म्हणतात. पण हे फंक्शन कधी दोन आर्ग्युमेंट, म्हणजे कामाला लागणारे आकडे, घ्यायचं, कधी सात. असलं फंक्शन आमचा कंपायलर इनलाइन करायला तयारच नव्हता!

"महिन्यात जमवा, न्हाई तर दुसरा कंपायलर बघतो," गिऱ्हाईक फोनवर म्हणालं.

मुजीबभाई हताश. "मोठमोठे इथं हात टेकतात."

शिवकांता म्हणाली, "त्यांचे हात दुखत असतील."

*

पहिला प्रयत्न माझा. कोड उचलला, बसवला. टेस्टमध्ये तापमानाच्या जागी मशीनचा नंबर छापून आला! बसवलेलं फंक्शन आपले आर्ग्युमेंट शोधायला गेलं आणि ज्याच्यात बसवलं त्याचेच घेऊन आलं.

मुजीबभाई म्हणाले, "मेहमान बनको आया, घरवालेकीच थाली खींच लिया!"

*

आठ दिवसांनी चहा पिता पिता शिवकांता एकदम उठली. "किती येणार हे फंक्शनला ठाऊक न्हाई. पण बोलावणाऱ्याला तर ठाऊक हाय ना! त्यानं तिथंच सगळ्यांचं गाठोडं बांधावं आणि फंक्शनला फक्त गाठोड्याचा पत्ता द्यावा. मग ते साधं फंक्शन झालं. करा इनलाइन!"

मी शंका काढली, "पण आत किती हायेत, हे फंक्शनला कसं कळणार?"

"आधी तरी कुठं कळत होतं?"

*

मुजीबभाईंना पटेना. त्यांनी मुद्दाम रिकाम्या गाठोड्याची टेस्ट लिहिली. पास! मग वीस आर्ग्युमेंटची. पास! संध्याकाळी ते स्वतः पेढे घेऊन आले. म्हणाले, "हरलो. खा!"

*

नांदेडला डेमो झाला. मशीन असं पळालं की गिऱ्हाइकानं दोनदा बंद करून चालू करून बघितलं. त्यांचे मुख्य इंजिनिअर मात्र स्क्रीनवर तयार झालेला कोड वरखाली करून राहिले होते. शेवटी घाबरून म्हणाले, "अहो, आमचं फंक्शन कुठंच दिसंना! महिनाभर काम करून तुम्ही ते गायबच केलं की!"

शिवकांतानं मान डोलावली.

"हाव!"