जावयाची बासुंदी

शैलेंद्रला जन्मापासून वास येत नाही. नाक आहे, चांगलं धारदार आहे, पण ते नुसतं चष्मा टेकवायला. सिंगापुरातल्या पासिर रिसच्या त्यांच्या इमारतीत कुणी ड्युरियनचं उग्र वासाचं फळ घेऊन लिफ्टमध्ये शिरलं, की बाकीचे श्वास कोंडून उभे राहतात आणि हा त्या माणसाची प्रेमाने विचारपूस करतो. दूध नासलेलं याला कळत नाही, गॅसवर राहिलेली भाजीही नाही. त्यामुळे त्याच्या बायकोने, मेधाने, त्याला ओट्यापाशी कधी उभंच केलं नाही. तांजोंग पगारच्या ऑफिसात साहेब, घरात मात्र कांदा चिरण्यापुरता. याचं त्याला मनापासून वाईट वाटे.

यंदा गणपतीला सासूबाई पुण्याहून आल्या. विमलताईंचं सोवळं कडक. नैवेद्याची चव तर सोडाच, वासही घ्यायचा नाही. घेतला की उष्टा. मेधाने बासुंदीसाठी वेलची कुटली आणि सवयीने दीर्घ श्वास घेतला. झालं! "उष्टी केलीस," म्हणत विमलताईंनी खल बाजूला सारला. मग त्यांची नजर जावयावर गेली आणि चेहरा एकदम उजळला.

"शैलेंद्रराव, बासुंदी तुम्हीच करा. तुमच्याइतकं सोवळं नाक साऱ्या सिंगापुरात नसेल."

शैलेंद्रच्या अंगावर मूठभर मांस चढलं. आंघोळ करून, सोवळं नेसून तो दुधापुढे उभा राहिला. सासूबाईंचा विश्वास खरा करून दाखवायचा, एवढंच त्याच्या मनात होतं. दूध आटलं तसं खाली लागलं. हा मोठ्या निष्ठेने तळ खरवडून ढवळत राहिला, आणि आलेला तांबूस रंग पाहून स्वतःवरच खूश झाला.

करपट वास हॉलभर पसरला. मेधा आईकडे बघे, आई गणपतीकडे. बोलावं तर वास घेतल्याची कबुली, आणि सगळी बासुंदी उष्टी! विमलताई आपल्याच नियमात अशा अडकल्या की तोंड उघडायची सोय राहिली नाही.

तेवढ्यात नात गार्गी तिच्या सिंगापुरी इंग्रजीत ओरडली, "आजी, समथिंग बर्निंग लाह!"

"उदबत्ती आहे ती," पदर नाकाला लावत विमलताईंनी ठणकावलं.

आरती झाली, नैवेद्य दाखवला, वाट्या भरल्या. वास येत नसला तरी कडू म्हणजे काय हे शैलेंद्रच्या जिभेला बरोबर कळतं. पहिल्याच चमच्याला त्याचं तोंड एवढंसं झालं.

"आई, करपली हो. ठेवा ती वाटी."

विमलताईंनी वाटी मागे ओढली. "प्रसादाला नावं ठेवू नयेत." डोळे मिटून त्यांनी ती संपवली, वर तांब्याभर पाणी प्यायल्या आणि मेधाकडे वळल्या.

"उद्याची खीरही हेच करतील. तू दारात उभी राहा. करपायला लागली की नुसती खोक. खोकू नये असं शास्त्रात कुठेही सांगितलेलं नाही."

शैलेंद्र तिथल्या तिथे त्यांच्या पाया पडला.