दारापलीकडचा तिसरा भाग

माझा मामा एका संगीत सभागृहात दारवान आहे. त्याचा नियम एकच: सिंफनीचा एक भाग संपून दुसरा सुरू होण्याआधी क्षणभर शांतता असते, तेवढ्यातच उशिरा आलेल्यांना आत सोडायचं. या नियमापायी त्याने एकदा खुद्द व्यवस्थापकांना ताटकळत ठेवलं होतं. हा किस्सा आम्ही इतक्यांदा ऐकलाय की आता तो सुरू झाला की आम्हीच पुढचं वाक्य बोलतो.

त्या संध्याकाळी मात्र ताटकळत होतो मी आणि आई. माझी धाकटी बहीण पहिल्यांदाच भर मैफलीत एकटीने क्लॅरिनेट वाजवणार होती, आणि आई कुलूप ओढून बघायला दोनदा जिन्यावरून परत गेली. बस चुकली.

"ताई, आता शेवटच्या भागाआधीच आत," मामा कुजबुजला. "ही महायुद्धानंतरची सिंफनी. पहिले तीन भाग सलग. श्वास घ्यायलाही जागा ठेवलेली नाही ती रचणाऱ्या माणसाने."

"आणि पोरगी कधी वाजवते?"

"तिसऱ्याच्या सुरुवातीला."

आई पर्स पोटाशी धरून बाकावर बसली. तिने शिव्या घातल्या असत्या तर मामाला परवडलं असतं.

आत पहिला भाग नुसता धुसफुसत होता. मग त्यातूनच दुसरा निघाला, लष्करी चालीचा पण चेष्टेखोर. ट्रम्पेट ऐटीत चालू लागायचे आणि चार पावलांवर अडखळायचे. मामाचा हात दाराच्या मुठीवर गेला.

"याच्या शेवटी ढोल सुटतात. वीस सेकंद. तेव्हा दार कुरकुरलं तरी कुणाच्या बापाला कळायचं नाही."

नियम मोडायला निघालेला मामा मी पहिल्यांदाच बघत होतो, आणि मला तो भारी आवडला.

ढोल सुटले. मामाने दार ओढलं, आम्हाला आत ढकललं. पण वाद्यवृंद चालवणाऱ्याला कसली घाई होती कोण जाणे, ढोल मध्येच थांबले. मामाच्या हातात स्प्रिंगचं अवजड दार, अर्धवट उघडं. सोडावं तर आपटणार, हळूच लोटावं तर कुरकुरणार. तो तसाच उभा राहिला.

आणि बहिणीने सूर लावला. बारीक, लांब, सोबतीला कुणीही नाही. तो हळूहळू वर चढला, थोडा रेंगाळला, खाली आला. आईने माझं मनगट आवळलं. मला इतका आनंद झाला की हसावं की रडावं कळेना.

मामा अकरा मिनिटं दार धरून उभा होता. तिसरा भाग संपून शांतता झाली तरी त्याला भान नव्हतं; चौथ्या भागात सगळा वाद्यवृंद शाळा सुटल्यासारखा उधळला, तेव्हा कुठे त्याने ते लावलं.

कार्यक्रम संपल्यावर आईने त्याचा दंड चोळत विचारलं, "फार भरून आला का रे हात?"

"येऊ दे. ताई, सत्तावीस वर्षं असा संथ भाग आला की मी बाहेर घड्याळाला किल्ली देत बसायचो. बंद दारातून त्यातलं काहीच ऐकू येत नाही गं. मला वाटायचं, आत सगळे जरा दम खातात."