मास्तरांनी सही केली तेव्हा

पोस्टमास्तरांना लकवा झाल्याला चार वर्षं झाली होती. तेव्हापासून त्यांची अंघोळ, दाढी, कूस बदलणं, सगळं ताईच बघायची. ताई म्हणजे घरी येणारी पगारी सेविका, बारा वर्षांपूर्वी नवऱ्याबरोबर परमुलखातून आलेली. मास्तर जिभेचे तिखट, पण मनाने लोणी. "माझी डावी बाजू संपावर गेलीय," ते आल्यागेल्याला सांगायचे, "सगळा कारभार ताईच्या जिवावर!"

एका सकाळी ती त्यांच्या पाठीला पावडर लावत असताना गल्लीतले दोन कार्यकर्ते आले. सरकारी दवाखान्यात फुकट उपचार फक्त इथे जन्मलेल्यांनाच मिळावेत, अशा अर्जावर ते सह्या घेत फिरत होते.

"कर भरायचा आपण आणि खाटा अडवायच्या बाहेरच्यांनी," त्यांतला एक म्हणाला.

"घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं!" मास्तर हसले. "आणा इकडे. ताई, जरा पॅड धर गं, हलतंय."

ताईने पॅड धरलं. तिच्या नवऱ्याची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली होती. दर मंगळवारी आणि शुक्रवारी त्याच दवाखान्यात त्याचं डायलिसिस व्हायचं. मास्तरांनी सावकाश, वळणदार सही केली. पॅड तसूभरही हललं नाही.

त्या अर्जाचं नवऱ्याला तिने कळू दिलं नाही. बसमध्ये ती तोंड मिटून बसू लागली, न जाणो बोलण्यावरून कुणी मुलूख ओळखायचा. तीन महिन्यांनी दवाखान्याच्या दारावर नोटीस लागलीच: इथला जन्मदाखला नसेल तर उपचार बंद.

दुसऱ्या दिवशी मास्तरांना दूध पाजताना तिचा बांध फुटला. "मास्तर, शुक्रवारी माझ्या माणसाला मशीनवर घेतील की नाही, देव जाणे."

"का? काय झालंय त्याला?"

चार वर्षांत त्यांनी कधी विचारलं नव्हतं आणि तिने सांगितलं नव्हतं. आता सगळं सांगितलं. मास्तरांचा चेहरा उतरला.

"अगं, पण ते तुझ्यासाठी नव्हतं! तू काय परकी आहेस?"

"दारावरच्या शिपायाला हे कोण सांगणार?"

दूध मास्तरांच्या ओठाच्या कडेने ओघळलं, ते तिने पुसलं.

शुक्रवारी मास्तर हट्टाला पेटले. त्यांची सून कुरकुरत राहिली, पण ताई आणि तिच्या नवऱ्याबरोबर चाकाच्या खुर्चीतून ते दवाखान्याच्या खिडकीशी पोचलेच.

"हा आमच्या घरातला माणूस आहे," ते म्हणाले.

"नात्याने कोण?" आतल्या कारकून बाईंनी विचारलं.

मास्तर अडखळले. "जावई."

बाईंनी कागदावरचं नाव वाचलं, मग मास्तरांकडे पाहिलं. "आजोबा, या वयात खोटं बोलता?" मागे रांग चुळबुळत होती. बाईंनी खाली मान घालून शिक्का मारला. "एक महिना देते. पुढच्या वेळी इथे मी असेन, असं नाही."

आत मशीन सुरू झालं. दारात बूट वाजले की ताई दचकून बघत होती.

"काढू काहीतरी मार्ग," मास्तर पुटपुटले.

खाटेवर नवऱ्याचे डोळे मिटलेले होते. तो झोपलाय असं तिला वाटलं होतं.

"महिन्याच्या आठ खेपा," तो हळूच म्हणाला. "आजची धरून. म्हणजे राहिल्या सात."