मिठात ठेवलेली मैना

पेणच्या खाडीकाठचं वडिलार्जित मिठागर विकून दयाराम सिनेमा काढायला निघाला, तेव्हा गावानं त्याची किती टिंगल केली असेल ते सांगायला नको. पण गडी हट्टाला पेटला होता. मुंबईत त्यानं मुका चित्रपट काढला आणि देवकन्येच्या कामाला आपलीच लहानगी मैना उभी केली. ती पडद्यावर हसत फुलं उधळायची आणि लोक शिट्ट्या मारायचे. वर्षभर दयाराम रेशमी कोटात मिरवला. खरं तर तो त्याला शोभायचाही.

बायको सगुणा मात्र गावीच होती. सासू अंथरुणाला खिळलेली. "बगीन पुढल्या वर्षी," ती म्हणाली. पुढल्या वर्षी देवीच्या साथीत मैना गेली. मग लेकीला पडद्यावर बघायची सगुणाची छाती होईना.

दयारामचे पुढचे दोन्ही चित्रपट आपटले. त्यातच बोलपट आले आणि मुक्या चित्रपटांना कुणी विचारीना. जुन्या फिती वितळवून बांगड्या करणारे त्या विकत नेत. दयारामनं सगळ्या दिल्या, मैनेची तेवढी ठेवली. तिच्या फितीचे डबे घेऊन तो घरी आला. सगुणानं ते रांजणात मिठाखाली पुरले. सुकट टिकते, कैऱ्या टिकतात, मग लेक का टिकू नये? दयारामलाही ते पटलं. शेवटी तोही मिठागराचाच.

चार-पाच वर्षांनी सगुणा आपण होऊन म्हणाली, "आता बगीन म्हंते. तिचा चेहरा इसराय लागलाय मला."

चौलच्या जत्रेत तंबूतला सिनेमा आला होता. तंबूवाल्यानं दुपारी फीत दाखवायचं कबूल केलं. सगुणा नवं लुगडं नेसून बाहेर थांबली. आत डबे उघडले, तर पत्रा गंजलेला आणि फितीचा चिकट काळा गोळा झालेला. "मिठात ठेवतं का कुणी?" तंबूवाला म्हणाला. "ओल धरली त्यानं."

दयाराम बाहेर आला. त्याचा चेहरा बघूनच ती समजली.

"मीठ कमी पडलं का वो?"

आपल्या हातानं लेक पुसली गेली, हे ओझं घेऊन ही बाई जगेल कशी?

"मिठाचं काय न्हाय. डबं मीच नीट लावलं न्हवतं," तो म्हणाला.

सगुणानं भर जत्रेत त्याला वाट्टेल ते सुनावलं, त्याच्या छातीवर मुठी मारल्या. त्यानं त्या मारू दिल्या. मैना गेली तेव्हाही ती इतकी रडली नव्हती.