रंग कोणता दिसला?

नाना गेल्याचं अक्कांनी फोनवर सांगितलं, आणि त्याच दमात विचारलं की गच्चीवरच्या त्या भुंगळ्याचं आता काय करायचं. नवऱ्याच्या दुर्बिणीला त्या कायम भुंगळाच म्हणत. त्यामुळे रडता रडता मला हसू आलं... नानांच्या घरी दुःखसुद्धा कधी एकटं येत नसे.

नाना धुळ्यातले आमचे शेजारी. नरडाण्याच्या एका कारखान्यात त्यांनी आयुष्यभर लेथ यंत्र चालवलं आणि निवृत्त झाल्यावर दुर्बिणीचा आरसा घरीच घासायला घेतला. जाड काचेची चकती एका पिंपावर ठेवायची, तिच्यावर दुसरी घासायची आणि पिंपाभोवती फिरत राहायचं. असं सात-आठ महिने चाललं. देवळात कधी न गेलेला माणूस पिंपाला प्रदक्षिणा घालतोय, असं अक्का येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. पण आरसा असा उतरला की गल्लीतल्या सगळ्यांनी शनीची कडी पाहिली.

नानांचा जीव मात्र अभिजित ताऱ्याजवळच्या एका तेजोमेघावर होता. एक तारा म्हातारा झाला, फुगला आणि त्यानं अंगावरचे वायूचे थर हळूहळू अवकाशात सोडून दिले. त्यांचं कंकण झालं. मधे उरलाय तो ताऱ्याचा लहानसा, तापलेला गाभा. आपला सूर्यही एक दिवस असाच जाणार, हे नाना असं सांगत की जणू घरात लग्न निघालंय. पाहुण्यानं डोळा लावला की त्यांचा एकच प्रश्न असे, रंग कोणता दिसला?

मी शाळेत विज्ञान शिकवणारी. माझी पाळी आली तेव्हा मला काहीच दिसलं नाही. मागे माझेच विद्यार्थी उभे होते. मी ठोकून दिलं, "बाहेरून लाल, आत हिरवट." नाना नुसते "बरं" म्हणाले. माझ्यानंतरचा किराणा दुकानदार म्हणाला, त्याला तर नुसता राखाडी डाग दिसला. नानांनी त्याला मिठीच मारली आणि समजावलं की इतक्या मंद उजेडात डोळ्याला रंग कळत नाही. रंग फोटोतच उमटतात. मी जिन्याकडे पाहत उभी राहिले. फार लाज वाटली.

त्यानंतर चंद्र पाहिला, गुरू पाहिला. पण कंकणाची वेळ आली की मी अक्कांना चहाला मदत करायला खाली पळायची. नानांनी कधी टोकलं नाही. एकदा फक्त म्हणाले, "बाई, ते काय पयी जात नई. सावकाश देखा." खरंच, ते कुठे पळून जाणार, हजारो वर्षं टिकतं. मीही सावकाशच घेतलं. आज सांगू, उद्या सांगू, असं करता करता सांगायचं राहूनच गेलं.

गेल्या आठवड्यात दिवेलागणीनंतर दुर्बीण झाकायला म्हणून वर गेले, तर मागोमाग अक्का आल्या. मेलेल्या ताऱ्याचं तोंड कशाला पाहायचं, म्हणून इतकी वर्षं त्यांनी कधी डोळा लावला नव्हता. त्या दिवशी मात्र स्वतःच म्हणाल्या, दाखवा. मी बरीच खटपट करून कंकणावर नेम धरला. अक्का बराच वेळ वाकून उभ्या होत्या.

"रंगबिंग काही नई," त्या म्हणाल्या. "चूल इझनी म्हनजे धूर उरस, तसं शे. तुमले काय दिखनं व्हतं?"

खोटं बोलायला आता जागाच नव्हती. म्हटलं, "मी नानांना लाल सांगितलं होतं. मला काहीच दिसलं नव्हतं."

"मालूम शे माले. बाई एक दिन खरं सांगतीन, असं ते म्हनेत."

एवढं बोलून त्या बाजूला सरकल्या आणि पदरानं भिंगाची कड पुसून मला जागा करून दिली.